इवाई दिसले की उतरायचं

आबा, म्हणजे माझे वडील, सायकलवरून कुणाकुणासाठी उतरतात हे मला लहानपणापासून पाठ होतं. मारुतीच्या पारासमोर उतरायचं. वयानं मोठं माणूस समोरून पायी आलं तर उतरायचं, राम राम घालायचा, दोन शब्द बोलायचे आणि ते माणूस पुढं सरकल्यावरच परत टांग टाकायची. मयत चालली असेल तर उतरून कडेला उभं राहायचं. गुरुजी दिसले तर उतरायचं, मग ते वयानं आबांपेक्षा लहान का असेनात. आणि ज्या घरात आपली लेक दिली त्या घरच्या माणसासाठी तर उतरायचंच. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. इवाई दिसला आणि माणूस सायकलवर बसूनच पुढं गेला, तर बघणारे म्हणतात, लई शेफारला दिसतो.

उतरण्याची आबांची स्वतःची एक रीत आहे. कॅरिअर मोकळं असलं की चालत्या सायकलवर डाव्या पायडलवर उभे राहतात, उजवी टांग मागून फिरवतात, तसेच घसरत थोडं पुढं जातात आणि अलगद जमिनीवर येतात. बघत राहावं असं. पण कॅरिअरवर पोतं बांधलेलं असलं की टांग मागून फिरत नाही. मग ब्रेक दाबून पाय पुढून दांडीवरून काढावा लागतो, आणि तेवढ्यात पोत्याच्या वजनानं मागचं चाक उजवीकडं झोल खातं. उजवीकडं म्हणजे रस्त्याच्या मधे. गावच्या रस्त्यावर याचं कुणाला काही नव्हतं. मागं बैलगाडी असायची, नाहीतर कुणीच नसायचं.

त्याच सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले. पुढं आत्याकडं नांदेडला राहून बी.ए. केलं, मग बी.एड. माहेरी आणि सासरी, दोन्ही घरांत पहिली पदवी माझी. हे मी सांगते तेव्हा काहींना वाटतं ही मिरवते. मिरवतेच. फुकट मिळालेली नाही. लग्न होऊन लातूरला आले, इथल्या शाळेत शिकवते. नवरा कामाला नांदेडला असतो, रविवारी येतो. घरी मी, सासू आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो.

शाळेत रस्त्याच्या नियमांचे तास माझ्याकडं आहेत. मैदानावर फक्कीनं रस्ते आखायचे, चौक आखायचा आणि पोरांना सायकली घेऊन त्यात फिरवायचं. डाव्या कडेनं चालवा. वळायच्या आधी मागं बघा, हात दाखवा. थांबायचं असेल तर उजवा हात कोपरातून वर करा, म्हणजे मागच्याला कळतं. लातुरात हे शिकवणं गरजेचं आहे. सगळ्या जिल्ह्यांतून पोरं इथं ट्युशनला येतात. एका क्लासची बॅच सुटते आणि दुसऱ्याची भरते त्या वेळेला रस्ता सायकलींनी भरून वाहतो.

माहेर रेणापूरच्या बाजूला. तिथून आबा आठवड्यातून एकदा तरी सायकलवर यायचे. कधी भाजी, कधी शेंगा, कधी ताक. रस्ता मोठा झाला, मधे दुभाजक आला, ट्रक-टेम्पो अंगावरून गेल्यासारखे जायला लागले, तेव्हा मला फिकीर लागली. सुट्टीत गावी गेले तेव्हा आबांना अंगणात सायकलवर बसवलं आणि शाळेतल्या पोरांसारखं शिकवायला घेतलं.

"आबा, मागून गाडी येते तिला तुमच्या मनातलं कळत नाही. हातानं सांगायचं."

"मी पुढं बघू का मागं?"

"दोन्ही."

"मंग मान काय भोवऱ्यावानी फिरवू का?"

पण शिकले. आबा एखादी गोष्ट शिकले की पक्की शिकतात. नंतर आई फोनवर म्हणाली, "बाई, तुझा बाप आता वावराच्या वाटंनं बी हात दाखवायलाय. मागं शेरडं असत्यात नुस्ती." आम्ही दोघी किती वेळ हसत होतो.

शिकवताना आबांनी एक विचारलं होतं. "अन् मानूस दिसलं तर?"

"कोण माणूस?"

"आपलं. वडीलधारं. उतरावं लागतं की."

"चालत्या रस्त्यात उतरायचं नाही, आबा. हात करायचा, पुढं जायचं. बोलायचंच असेल तर पुढं कडेला सायकल घ्यायची, मागं बघून थांबायचं, मग उतरायचं."

आबांनी थोडा विचार केला. "बरं. तू शिकलेली," म्हणाले.

मामांनी सगळा जन्म आडत दुकानात मुनीम म्हणून काढला. आता घरीच असतात. सकाळी चौकातल्या चहाच्या हॉटेलापुढं बाकड्यावर बसून पेपर वाचतात. एका सकाळी आबा त्या चौकातून आमच्या घराकडं येत होते. मामा दिसले. आबांनी शिकवल्याप्रमाणं केलं. डाव्या कडेनं, वेग न बदलता, हात करून पुढं आले. मामा मागून घरी आले. टोपी काढून खुंटीला लावली, पाणी प्यायले आणि सासूबाईंना म्हणाले, ते बाहेर बसलेल्या आबांना ऐकू जाईल असं, "इवाई आता लई कामाचे झाले. हात करून गेले. मोटारवाले करतात तसा."

"दिसले नसतील तुम्ही," सासूबाई म्हणाल्या.

"दिसल्याबिगर हात कसा केला?"

मामा चहाला बाहेर आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. आबा कप हातात धरून बसून राहिले, इवाई येतील म्हणून. चहाला साय आली.

मी एरवी फटकळ आहे. शाळेत हेडमास्तरांनाही तोंडावर बोलते. त्या दिवशी आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, मामा, आबांना मीच असं शिकवलंय. पण मी ते म्हणाले नाही. घरातली एक सकाळ गेली, तिच्यात आणखी वाढवू नये असं वाटलं. मी आबांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथं त्यांना म्हणाले, "आबा, मामांपुरतं उतरत जा."

"रस्त्यात?"

"हो. म्हणजे बघून."

"बघून म्हंजे पुढं का मागं?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांना उत्तर पाहिजे होतं. मला हसू आलं. "जावा आता, ऊन होईल," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

हरभऱ्याच्या ढाळ्यांचे दिवस होते. मी मामांच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला चौकातल्या मेडिकलवर उभी होते. शेजारीच मामा बाकड्यावर. सकाळची बॅच सुटलेली, रस्त्यावर सायकलीच सायकली. आबा डाव्या कडेनं येत होते, मागं घाट्यांनी भरलेल्या हिरव्या ढाळ्यांचं पोतं. मामांना ते दिसले. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. बोलवायला म्हणून नव्हे, आनंदानं केला असणार. आबांनी पाहिलं. आबांचा उजवा हात कोपरातून वर यायला लागला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण पोत्याच्या वजनामुळं ब्रेकला दोन्ही हात लागले. हात अर्ध्यातून खाली आला. आबा उतरले.

मागं एक मुलगी होती, पाठीला ट्युशनची बॅग. तिनं घंटी वाजवली. ती घंटी मी ऐकली. तिनं हँडल उजवीकडं घेतलं, आणि त्याच वेळेला पोतं उजवीकडं आलं. तिची सायकल पोत्याला अडकली. ती उजव्या हातावर पडली. आबा सायकलखाली. सगळीकडं ढाळे पसरले. मागून येणारा ऑटो कसाबसा थांबला.

लोक जमायला वेळ लागला नाही.

"लई फास्ट असतात ही पोरं."

"क्लासला उशीर झाला की ह्यांना बाप दिसत नाही समोर."

"आरं, म्हाताऱ्याला उडवलं की!"

मुलगी रस्त्यात बसूनच मनगट धरून म्हणत होती, "सॉरी आजोबा, सॉरी." आणि आबा, गुडघ्यातून रक्त येतंय, तिला म्हणत होते, "तुझं न्हाई बाळा. मीच मधी उतरलो."

दोघांना जवळच्या दवाखान्यात नेलं. आबांच्या गुडघ्याला टाके पडले. मुलीचं उजवं मनगट मोडलं होतं. तिची आई धावत आली, हाताला पीठ तसंच. तिला मुलीसाठीच लातुरात ठेवलेलं. इथं अशा पुष्कळ आया आहेत. एका खोलीत गॅस, गादी आणि पुस्तकं, आणि दिवसभर पोरीच्या डब्याची काळजी. दुपारपर्यंत वडीलही आले. गाव किल्लारीच्या बाजूचं. गावातली जीप करून आले होते, बरोबर जीपवाला आणि आणखी एकजण. आल्या आल्या पोरीकडं न जाता आधी आबांच्या खाटेशी गेले आणि वाकले.

"माफी करा बाबा. लेकराकडून चुकलं."

"न्हाई पावणं," आबा उठून बसायला बघत होते. "चूक माझी हाय. मी मधीच उतरलो. पोरगी नीट चालली व्हती."

मुलीचे वडील सगळ्यांकडं वळून म्हणाले, "बघा. मानूस असावं तर असं. सोताला लागलंय अन् वर पोरीचीच बाजू घ्यायलेत."

"आमचे इवाई देवमाणूस आहेत," मामा म्हणाले.

आबांनी परत सांगितलं. परत तेच झालं. आबा जितकं म्हणत गेले की चूक माझी, तितके लोकांच्या नजरेत मोठे होत गेले आणि ती मुलगी तितकी लहान. जीपवाला तर आबांच्या पाया पडला. शेवटी आबा माझ्याकडं बघायला लागले. मी पाण्याची बाटली उघडून त्यांना दिली.

मामा मुलीच्या वडलांना म्हणाले, "पोरीला जरा आवर घाला. शहर आहे हे. आज हातावर निभावलं."

वडलांनी मान खाली घातली. मग मला म्हणाले, "मॅडम, तुमी शाळेत हेच शिकवता म्हनं. सायकलला वेगाचं काही लिमिट असतं का?"

मला उत्तर माहीत होतं. रस्त्याकडेच्या पाट्यांवरचे वेगाचे आकडे मोटारगाड्यांसाठी असतात. सायकलीसाठी कायद्यात तसा आकडा नाही. हेही माहीत होतं की त्या गर्दीत सायकल जोरात चालवताच येत नाही आणि ती मुलगी जोरात नव्हती. घंटी वाजवून, बाजूनं जायला बघत होती. मी दर वर्षी मैदानावर पोरांना जसं शिकवते अगदी तसं.

मामा माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणाले, "लिमिट असो नसो, गर्दीत हळूच चालवायला पाहिजे."

या वाक्यात खोटं काहीच नाही. कुणीही तपासून बघावं.

"ऐकलं का?" वडील मुलीकडं वळले. "मॅडम काय म्हनल्या ऐकलं का?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती. वर्गात आपलं उत्तर बरोबर असून बाईंनी चूक दिली की मुलं बघतात, तसं बघितलं.

आबा आमच्याकडं थोडे दिवस राहिले. मामा रोज त्यांच्यापाशी बसून पेपर वाचून दाखवायचे. दोघांत इतका गोडवा मी आधी पाहिला नव्हता. मला बरं वाटायला पाहिजे होतं. माझं लक्ष त्या मुलीच्या हाताकडं लागलेलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत, आबा गावी परतल्यावर कधीतरी मी शेंगदाण्याचे लाडू घेऊन तिच्या खोलीवर गेले. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण जिन्यात गहू निवडत होती.

"ती का? तिला नेलं की बापानं."

"हात बरा होईपर्यंत?"

"कशाचं! कायमचं नेलं. बाप म्हणत होता, जिला नीट सायकल चालवता येईना ती काय डॉक्टर होणार. पोरगी लई हुशार हो. आईनं पाय धरले नवऱ्याचे. गावात बोभाटा झालाय म्हणं, ह्यांच्या पोरीनं लातुरात म्हाताऱ्याला उडवलं." मग सुपातनं मान वर करून म्हणाली, "तुम्ही कोण?"

"शिक्षिका आहे," मी म्हणाले. लाडू तिलाच देऊन आले.

मला कुणी असं अर्ध्यातून घरी नेलं असतं तर आज मी कुठं असते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नांदेडला असताना एकदा नुसता ताप आला होता, तर भावकीतली माणसं आबांना म्हणत होती, आणा पोरीला परत, पुरं झालं शिकणं. आबा म्हणाले होते, ताप उतरंल. तेवढ्यावर मी पदवीधर झाले.

आबांना फोन करून सांगितलं. 

"मी तर सांगितलं व्हतं," आबा म्हणाले.

"हो आबा."

"माझं कुनी ऐकलं न्हाई. तुझं ऐकलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी नवऱ्याला फक्त "एका विद्यार्थिनीकडं जाऊन येते" सांगून निघाले. बसनं, मग जीपनं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. सरळ गल्ल्या, सारखी घरं. दोन ठिकाणी विचारलं तर दोन्हीकडं आधी हेच आलं, "ती हात मोडलेली का?" वडील घरीच होते. मला बघून गोंधळले, खुर्ची दिली, पोरीच्या आईला चहा ठेवायला सांगितलं. बाबा कसे आहेत विचारलं. बरे आहेत, मी म्हणाले, आणि चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. आबांना काय शिकवलं होतं, मामांना राग कसा आला, मग मी काय सांगितलं, आबा कसे उतरले. काही लपवलं नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे इवाई दिसले म्हनून तुमचे वडील उतरले."

"हो."

"अन् तुमी म्हनता ही चूक?"

"भर रस्त्यात, मागं न बघता उतरले. चूकच. आणि उतरा म्हणून मी सांगितलं होतं."

"मॅडम, तुमी शिकलेल्या. पर मी बी उतरलो असतो. लेक दिलेल्या घरचं मानूस समोर उभं, अन् बाप वर बसून टुकटुक बघत जाईल का?" ते बायकोकडं बघून हसले. "आमच्या लग्नात हिचा बाप वेशीपासून चालत आला व्हता, सायकल हातात धरून. उलट पोरीला कळाय पाहिजे. म्हातारं मानूस हाय, कवा बी उतरंल."

मी रागाची तयारी करून गेले होते. शिव्यांचीही. या उत्तराची तयारी नव्हती. मी चूक कबूल करत होते आणि त्यांना ती चूक दिसतच नव्हती. माझ्या आबांचा मान ठेवायच्या नादात ते आपल्याच पोरीवर सगळं टाकत होते.

आतल्या दारातून आवाज आला. "मी घंटी वाजवली व्हती."

"तू गप," आई म्हणाली.

"वाजवली होती," मी म्हणाले. "मी ऐकली. ती हळू होती. तिच्या जागी बरोबर होती. सायकलला वेगाचा आकडा नसतो. असता तरी ती त्याच्या आतच असती."

मुलगी दारात येऊन उभी राहिली. प्लास्टर काढलेलं, मनगट बारीक झालेलं.

"मंग हे त्या दिवशी का न्हाई बोलल्या?" वडलांनी विचारलं.

"सासरे समोर होते."

त्यांनी लगेच मान हलवली. हे त्यांना पटलं. एवढं पटकन पटलं की मला वर बघवेना.

"त्याचं असं हाय मॅडम," ते म्हणाले. "तुमचे सासरे चार मानसांत म्हनले, पोरीला आवर घाला. आमचा जीपवाला तिथंच व्हता. त्यानं हे गावात दहा ठिकाणी सांगितलं. आता तुमी माझ्या घरात बसून हळूच म्हनता, न्हाई, पोरगी चांगली हाय. मी कुनाला सांगू? ज्यांनी म्हनलं त्यांनीच म्हनावं. जीपवाल्याला बोलावून फोन स्पीकरवर लावतो. तुमचे सासरे म्हनले तर उद्या धाडतो पोरीला."

 मी निघाले तेव्हा मुलगी दारातच होती.

दुसऱ्या दिवशी मामा पेपर वाचत होते तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. सासूबाईंनाही बोलावलं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीला घाम आला नव्हता तेवढा तेव्हा आला होता. सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मामांनी पेपरची घडी घातली. "म्हणजे माझ्यामुळं झालं?"

"माझ्यामुळं झालं, मामा. आबा हात करून गेले आणि तुम्हाला राग आला, तो हात मीच शिकवलेला होता. ते तुम्हाला सांगायचं सोडून मी आबांना म्हणाले, मामांपुरतं उतरत जा."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का? मी काय खाल्लं असतं तुला?"

 कदाचित ते काहीच म्हणाले नसते. हसलेही असते. मी इतक्या वर्षांत त्यांना एकदाही आजमावून बघितलं नव्हतं.

"त्या माणसाला मी काय सांगू?" मामा म्हणाले. "आमचे इवाई चुकले म्हणू? लोकांसमोर इवायाला चुकला म्हणणं शोभतं का मला?"

"मी चुकले म्हणा. सुनेनं शिकवलं म्हणा."

"घरची सून चुकली म्हणून परक्याला सांगू?" ते उठले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. मला वाटलं बाहेर चालले. सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या. मामा परत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लाव फोन."

पलीकडं जीपवाल्याला बोलावून आणेपर्यंत फोन तसाच चालू. मामा तो कानापासून जरा लांब धरून बसले होते. मग म्हणाले, "हां, ऐका. त्या दिवशी मी भर चौकात हात केला. मी करायला नको होता. मी हात केला म्हणून आमचे इवाई उतरले. तुमच्या पोरीची काही चूक नाही. मी तिला बोललो ते चुकीचं बोललो. हे तुमच्या जीपवाल्याला पण सांगा. ऐकतोय का तो?"

"ऐकतोय," पलीकडून बारीक आवाज आला.

मामांनी फोन माझ्या हातात दिला. "झालं का?" म्हणाले.

"झालं," मी म्हणाले.

सगळं त्यांनी स्वतःवर घेतलं होतं. आबा सुटले, मुलगी सुटली, आणि मीही सुटले. माझं नाव कुठंच आलं नाही. त्या गावात आता सांगत असतील, लातूरच्या एका म्हाताऱ्यानं चौकात हात केला आणि सगळा घोटाळा झाला.

त्यानंतर मामांनी आबांना स्वतः सांगितलं, "इवाई, माझ्यासाठी उतरायचं नाही आता. शपथ आहे." आबांनी मान हलवली. पण तेव्हापासून ते सायकलवर येत नाहीत. बसनं येतात, तेही कमी. मी विचारलं तर म्हणाले, "बसून पुढं जानं मला जमंना अन् उतरू देत न्हाईत. बस बरी." बसमधे पोतं आणता येत नाही. पिशवी आणतात.

मुलगी परत आली. क्लासवाल्यांनी जुन्या बॅचमधे घेतलं नाही, मधलं बरंच शिकवून झालं होतं. तिला दुपारच्या, मागं पडलेल्या मुलांच्या बॅचमधे बसवलं. मला हे तिच्या आईनं भाजीच्या गाड्यावर सांगितलं. मीच तिला गाठलं होतं. ती माझ्याशी चांगलं बोलते. तुमच्यामुळं पोरगी परत आली म्हणते. ते ऐकलं की मला तिथं उभं राहवत नाही, आणि तरी मी मुद्दाम त्याच वेळेला भाजी घ्यायला जाते.

परवा तिनं आग्रह करून खोलीवर नेलं. मुलगी आत टेबलापाशी होती, पाठ आमच्याकडं. आईनं चहा दिला.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"दुखत न्हाई आता. पर वळत न्हाई पुरता. लिहायला वेळ लागतो. चाचणीचा पेपर पुरा झाला न्हाई म्हनली."

मी परीक्षेचं काम वर्षानुवर्षं केलंय. म्हणाले, "डॉक्टरांचा दाखला जोडला की लेखनिक मिळतो. तिनं सांगायचं, त्यानं लिहायचं. वेळही वाढवून मिळतो. मी सगळं करून देते. दाखला आणते, शाळेत बोलते, तुम्हाला कुठं फिरायला लागणार नाही."

आई आत वळून म्हणाली, "ऐकलं का गं, मॅडम काय म्हनायल्यात?"

लिहिण्याचा आवाज थांबला. ती वळली नाही.

"मला नको कुणी," ती म्हणाली. "मीच लिहिते."

परत पेन चालू झालं. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. आई ओशाळून माझ्याकडं बघायला लागली. मी चहा संपवला, कप मोरीत ठेवला आणि चप्पल घालून जिना उतरले.